कृष्णाकाठचा महापूर : नोंद आणि हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच ताळेबंद मांडण्याचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांच्या वाटचालीत संस्थेने काय मिळविले, याचा आढावा अन्य वक्ते घेतीलच. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र ज्या भूमीवर ही संस्था उभी राहिली, त्या कृष्णाकाठाशी निगडित आहे. या अर्धशतकात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी अवर्षण पाहिले, वादळे सोसली आणि २००५, २०१९ व २०२१ असे तीन मोठे महापूरही अनुभवले. पूर ओसरतो, चिखल निघतो, दुकाने पुन्हा उघडतात. परंतु त्या पुराने काय शिकविले, याची नोंद वहीत होतेच असे नाही. ती नोंद करावी, एवढाच या व्याख्यानाचा माफक उद्देश आहे.

वाईची भिंत

वाई येथे कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. दर्शनाला येणारा भाविक मूर्तीची भव्यता डोळ्यांत साठवून परततो. मंदिराच्या पाठीमागे जाऊन तेथील भिंत पाहणारे थोडे. ही भिंत सरळ नाही. माशाच्या आकाराप्रमाणे ती निमुळती होत पुढे आलेली आहे. कृष्णेला पूर आला म्हणजे प्रवाह या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याचा सगळा भार एका सपाट भिंतीवर पडत नाही.

त्या काळी हवामान खाते नव्हते, धरणे नव्हती, दूरध्वनी नव्हता. तरीही बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती, की नदी येणार आहे. नदीला हरविण्याची भाषा त्यांनी केली नाही आणि नदी येणारच नाही, असेही गृहीत धरले नाही. तिचे येणे मान्य करून त्यांनी दगड रचला. अडीचशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या माणसाला जे उमगले होते, ते मधल्या काळात कोठे हरवले, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

एक नदी, दोन जिल्हे

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून ती साताऱ्याजवळ माहुलीला येते. तेथे वेण्णा तिला मिळते. कराडला समोरासमोर येऊन कोयना मिळते आणि त्या स्थानाला प्रीतिसंगम म्हणतात. पुढे वाळवा, पलूस हे तालुके ओलांडून नदी सांगलीत शिरते. सांगलीलगत हरिपूर येथे वारणा येऊन मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते आणि नंतर कृष्णा कर्नाटकात प्रवेश करते. म्हणजे साताऱ्याच्या डोंगरात जो पाऊस पडतो, त्याचे मोजमाप अखेर सांगलीच्या पुलावर होते. कोयनेच्या पाणलोटात मुसळधार पाऊस झाला, की सांगलीच्या पेठेतील दुकानदाराची झोप उडते. महसुली नकाशावर जिल्हे दोन असले, तरी नदीच्या हिशेबात ते एकच खाते आहे.

या खात्यातील आकडेही समजून घेतले पाहिजेत. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, चांदोली येथील वारणा धरणाची ३४.४० टीएमसी आणि वाईजवळच्या धोम धरणाची १३.५० टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा आकडा मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट, असा वर्तमानपत्रात छापून येतो. या दोहोंची सांगड सहसा कोणी घालत नाही. एक लाख क्युसेक हा प्रवाह चोवीस तास चालला, तर ८.६४ टीएमसी पाणी वाहून जाते. चार दिवस असाच प्रवाह राहिला, तर जवळपास एक अख्खे वारणा धरण समोरून निघून गेल्यासारखे होते. आणि हे फक्त सोडलेले पाणी झाले. धरणाच्या खाली ओढ्यानाल्यांना जे पाणी येते, त्याला कोणताही दरवाजा नाही.

याच दोन जिल्ह्यांचे दुसरे रूपही विसरता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशातील जनावरे चारा छावणीत बांधलेली होती आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची जनावरे पुराच्या पाण्यात वाहून गेली. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाण्यावाचून आणि दुसऱ्या टोकाला पाण्याने, असे दुहेरी नुकसान सोसणारा हा प्रदेश आहे.

वळीव आणि महापूर

आभाळातून येणारे संकट एकाच जातीचे नसते. चैत्र-वैशाखात दुपारनंतर ढग भरून येतात, वारा सुटतो, विजा कडाडतात आणि तासाभरात सारे शांत होते. हा वळीव. दुष्काळी भागाला तो हवाहवासा वाटतो. परंतु त्याच वळवाने घरावरचे पत्रे उडतात आणि झाडे उन्मळून पडतात. गारपीट झाली, तर तासगाव-पलूस भागातील द्राक्षबागेचे वर्षाचे उत्पन्न काही मिनिटांत मातीमोल होते. शेडमध्ये वाळत घातलेला बेदाणा भिजला, तर त्याचा रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. शेतातून परतताना पावसाचा आडोसा म्हणून झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसांवर वीज पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. गडगडाट कानावर आला, की पक्क्या घराचा आसरा घ्यावा आणि एकाकी झाडाखाली उभे राहू नये, ही साधी गोष्ट आजही पुरेशी रुजलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप उपलब्ध करून दिले आहे. ते शेतमजुराच्या हाती पोचविणे हे समाजाचे काम आहे.

वळवाचे नुकसान अचानक होते. त्यापुढे माणूस हतबल असतो, असे एक वेळ म्हणता येईल. महापुराचे तसे नाही. महापूर सांगून येतो. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोचण्यास साधारण एक दिवस लागतो. त्याआधी दोन-तीन दिवस घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, धरणाची पातळी चढत असते, पुलावर पाणी इंचाइंचाने वाढत असते. इतकी सूचना देऊन येणाऱ्या पाहुण्याने घर उद्ध्वस्त करावे, याचा अर्थ सूचना कमी पडली असा नसून ती ऐकण्याची रीत चुकली, असा आहे.

२००५ ची खूण

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या पुलाजवळ मोजली जाणारी कृष्णेची पातळी हा सांगलीकरांच्या पावसाळी बोलण्यातला रोजचा विषय. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ च्या पावसाळ्यात हे पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले. त्या पुराने शहराच्या जुन्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि एका मोठ्या परंपरेलाही धक्का बसला.

ती परंपरा हरिपूरच्या पेवांची. हळदीच्या व्यापारासाठी सांगलीचे नाव देशभर घेतले जाते. हरिपूर परिसरातील जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद साठविण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्या मातीचा गुणच असा, की आतील हळद कोरडी राहते, तिला कीड लागत नाही. शेतकरी आणि व्यापारी दोघेही त्या मातीवर निर्धास्त विसंबून असत. २००५ च्या पुराचे पाणी या पेवांत शिरले आणि साठविलेल्या हळदीची माती झाली. अनेक पेवे कायमची निकामी झाली आणि गोदामांकडे वळण्यावाचून व्यापाऱ्यांना गत्यंतर उरले नाही. अनेक पिढ्या सुरक्षित राहिलेली जागा एका आठवड्यात असुरक्षित ठरली. पूर्वी कधी घडले नाही, हा पुढे घडणार नसल्याचा पुरावा नव्हे, हे त्या पेवांनी प्रथम सांगितले.

परंतु पेठेने त्या पुरातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली. अनेकांनी ती रेघ मनात, काहींनी भिंतीवर रंगाने जपून ठेवली. ‘२००५ ला पाणी येथपर्यंत आले होते,’ हे वाक्य पुढील चौदा वर्षे घराघरात आणि दुकानादुकानात ऐकू येत असे. त्या रेघेच्या वर एक हात जागा सोडून फळ्या ठोकल्या गेल्या, माल रचला गेला, घरांची जोती बांधली गेली. नोंद म्हणून ठेवलेली खूण हळूहळू हमी होऊन बसली.

२०१९ : खुणेवरचे पाणी

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयना, वारणा आणि पंचगंगा या तिन्ही खोऱ्यांत एकाच वेळी अतिवृष्टी झाली. धरणे त्या आठवड्यात बहुतांशी भरलेली होती; वरून पाणी सोडणे भाग पडले आणि खाली मुक्त पाणलोटातील ओढेही भरून वाहू लागले. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. सणाची खरेदी आटोपते न आटोपते तोच आयर्विन पुलावरील पाणी धोका पातळी ओलांडून गेले. ते ५० फुटांवर आले, तरी धीर सुटला नव्हता, कारण मनातील रेघ ५४ ची होती. अखेर पाणी सुमारे ५७ फूट ६ इंचांपर्यंत चढले. जुन्या खुणेच्या वर साडेतीन फूट. याच साडेतीन फुटांत पेठेचा घात झाला.

कापडपेठेतील एखाद्या मध्यम दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. श्रावण लागलेला, पुढे गणेशोत्सव, मग दसरा-दिवाळी. सुरत, इचलकरंजी, मालेगाव येथून आलेल्या गाठी नुकत्याच उतरवून घेतलेल्या. त्यांचे पैसे अजून द्यावयाचे आहेत. मालक आणि नोकर रात्रभर जागून खालच्या मांडणीतले तागे २००५ च्या रेघेच्या वर रचतात, साड्यांचे गठ्ठे पोटमाळ्याखालच्या फळीवर ठेवतात आणि शटर ओढून निश्चिंत मनाने घरी जातात. जवळजवळ आठवडाभराने दुकान उघडते, तेव्हा फळीवरच्या साड्यांचा रंग एकमेकींत उतरलेला असतो, पांढऱ्या धोतराच्या तागांना बुरशी चढलेली असते आणि गादीखालची उधारीची वही लगद्यासारखी हाती येते. धान्य भिजले तर दिसते. कापड वरून वाळले तरी आतून गेलेले असते. ते धुऊन विकता येत नाही आणि फेकून देतानाही हात धजत नाही. हे चित्र एका दुकानाचे नाही. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक या साऱ्या परिसराचे आहे.

पेठेचे नुकसान पैशाचे होते. गावांचे जिवाचे झाले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून सुटका करून घेणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटली आणि १७ जणांचा अंत झाला. त्यांत स्त्रिया होत्या, बालके होती. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याची भीती वाटत नाही, असे म्हणतात. परंतु भीती नसणे आणि तयारी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. क्षमतेपेक्षा अधिक माणसे एका नावेत बसली, कारण दुसरी नाव नव्हती. आणि पाणी पायरीला लागल्याखेरीज गाव सोडायचे नाही, ही वर्षानुवर्षांची सवय होती. त्या पुरात सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोकांना स्थलांतर करावे लागले.

आणखी एक हानी अशी, की जिची किंमत बाजारात लावता येत नाही. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगलीच्या नगरवाचनालयात पुराचे पाणी शिरले आणि असंख्य ग्रंथांचा चिखल झाला. त्यांत दुर्मीळ पुस्तके होती, जुनी नियतकालिके होती. कापडाचा नवा माल पुढच्या मोसमात येतो. छपाई बंद झालेला ग्रंथ पुन्हा येत नाही.

वहीत न दिसणारे नुकसान

लेखाशास्त्राच्या दृष्टीने पुराचे नुकसान मांडायचे तर नष्ट झालेला माल, मोडलेले फर्निचर, बंद राहिलेले दिवस, अशी यादी होते. परंतु ही यादी अपुरी आहे. दुकान महिनाभर बंद राहिले, तर शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला काम मिळत नाही, हमालाची हजेरी बुडते, हातगाडीवाल्याची फेरी थांबते. या माणसांचा माल भिजलेला नसतो, म्हणून त्यांचा पंचनामाही होत नाही. ज्याच्याकडे नोंदवही नाही, त्याचे नुकसान शासनाच्या वहीत चढत नाही.

ज्यांच्याकडे वह्या होत्या, तेही सावध होते असे नाही. पूर्वी अग्निविम्याच्या पॉलिसीतून वादळ आणि पूर यांचे संरक्षण वगळून प्रीमियममध्ये सवलत घेण्याची मुभा होती. नदीकाठच्या शहरात ही सवलत घेणे म्हणजे छत्री विकून पावसाळ्याची तयारी करण्यासारखे होते. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली असून तिच्यात पुराचे संरक्षण समाविष्ट आहे. मात्र पॉलिसी असणे पुरेसे नाही. ती योग्य रकमेची असावी लागते. समजा, दुकानात वीस लाखांचा माल आहे आणि विमा दहा लाखांचा उतरविला आहे. पुरात आठ लाखांचा माल गेला, तर आठ लाख मिळतील हा समज चुकीचा आहे. विमा निम्म्या किमतीचा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे चार लाखांच्या घरात येते. प्रीमियममध्ये वाचविलेले काही शेकडे अशा वेळी लाखांनी वसूल होतात. शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावे लागते, ही बाब अनेकांना नुकसानीनंतरच कळते. सणापूर्वी माल वाढतो, तसा विमाही वाढवावा आणि मालाची यादी दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, एवढे साधे नियम पाळले तरी घर सावरते.

दोष कोणाचा?

प्रत्येक पुरानंतर दोष कोणाचा, ही चर्चा होते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगलीचा पूर ओसरत नाही, ही भावना २००५ पासून येथे खोलवर रुजलेली आहे. त्या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर असून ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्याच्या प्रस्तावाला महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे या कारणांकडे तिने लक्ष वेधले. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला असे नाही, आणि धरणाची उंची हा प्रश्न दोन्ही शासनांनी, तज्ज्ञांनी आणि न्यायासनाने तडीस न्यावा, हे योग्यच आहे.

परंतु दूरच्या धरणाकडे बोट दाखविताना जवळचा नाला नजरेआड होऊ नये. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या दरम्यान ते नियंत्रित. आता सांगलीत आणि नदीकाठच्या अन्य गावांतही ओत, नाले आणि सखल जागा भरून वसाहती उठल्या. पुराचे पाणी जेथे विसावत असे, तेथे प्लॉट पडले. ते प्लॉट विकणारे, घेणारे, त्यांना परवानगी देणारे आणि त्यांवर कर्ज देणारे, हे सारे याच समाजातील होते. स्वस्त मिळाला म्हणून घेतलेल्या प्लॉटची उरलेली किंमत नदी वसूल करते, आणि ती बहुधा घेणाऱ्या गरिबाकडून करते. विकणारा तोवर उंचावर राहावयास गेलेला असतो.

२०२१ : दोन जिल्हे, दोन धडे

२०१९ चा चिखल भिंतींवरून पुरता निघाला नाही, तोच २०२१ चा जुलै आला. २२ आणि २३ जुलैच्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. माणमध्ये वर्षभरातही इतका पाऊस होत नाही. त्या रात्री पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या आणि झोपेतील माणसे घरांसह गाडली गेली. साताऱ्याचे दुःख सांगलीहून वेगळे आहे. सांगलीत पाणी येते आणि जाते. खाली जमीन तीच असते. डोंगर सरकला, तर जमीनच राहत नाही. तेथे पुलावरची पातळी कामास येत नाही. पावसाचा अंदाज, उतारावर पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, याच तेथल्या सूचना. त्या ओळखून रात्र होण्यापूर्वी गाव हलविणे, हाच तेथील माणसांच्या बचावाचा मार्ग आहे.

तेच पाणी खाली उतरले आणि सांगलीत पातळी ५४ फुटांच्या वर गेली. म्हणजे २००५ इतका, किंबहुना त्याहून किंचित मोठा पूर. बाजारपेठेचे नुकसान याही वेळी झाले. परंतु एक फरक पडला होता. २०१९ ची आठवण ताजी असल्याने नदीकाठच्या अनेक गावांनी पाणी दाराशी येण्याची वाट पाहिली नाही. माणसे आणि जनावरे आधीच हलविली गेली. पेठेतही अनेकांनी खूण न पाहता अंदाज पाहिला. माल फळीवर न चढविता गावाबाहेर उंचावर नेला. ब्रह्मनाळसारखा प्रसंग पुन्हा ओढवला नाही. निसर्ग बदललेला नव्हता. माणसाने ऐकण्याची रीत बदलली होती.

काय करता येईल

पुराचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळविण्याच्या योजनेवर शासनस्तरावर विचार सुरू आहे आणि त्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याचीही चर्चा झाली आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी माळावर चढविता येते, हे सिद्ध केलेच आहे. मोठी कामे होतील तेव्हा होतील. तोवर संस्थांनी आणि पेठांनी करावयाची काही कामे आहेत. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिले, भिंतीवरची खूण पुसू नये, पण तिच्यावर विसंबूही नये. प्रत्येक दुकानदाराने आयर्विनवर किती फूट पाणी झाले असता आपल्या उंबऱ्याला पाणी लागते, तो आकडा लिहून ठेवावा आणि त्याच्या पाच फूट आधी माल हलविण्यास प्रारंभ करावा. दुसरे, पेठेने मिळून उंच जागी सामाईक गोदामाची व्यवस्था करावी. एकट्याला न झेपणारे भाडे पन्नास जणांना सहज झेपते. तिसरे, संस्थांच्या धर्मशाळा, वसतिगृहे आणि सभागृहे यांपैकी कोणती पूररेषेबाहेर आहेत, याची यादी जूनपूर्वीच तयार असावी. पाणी आल्यावर किल्ली शोधण्याची पाळी येऊ नये. चौथे, नोकर, हमाल आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांच्यासाठी पेठेने छोटा आपत्ती निधी उभारावा, कारण त्यांच्यासाठी कोणतीही पॉलिसी नाही. पाचवे, पाटण, कराड आणि सांगली येथील व्यापारी संघांनी पावसाळ्यात परस्परांच्या संपर्कात राहावे. कराडच्या संगमावर पाणी चढल्याचा एक फोन सांगलीला काही मोलाचे तास मिळवून देतो. साताऱ्याने सांगितले आणि सांगलीने ऐकले, तर नदीचे एकच खाते दोन्ही जिल्ह्यांना सांभाळता येईल.

बंधुभगिनींनो, व्यापारात एक जुना संकेत आहे. गतवर्षीचा नफा पाहून कोणी यंदाचा माल भरत नाही. बाजाराचा कल पाहून भरतो. मागच्या पानावरील शिल्लक पुढील पानावर ओढायची असते, तिच्यावर निजायचे नसते. पुराच्या बाबतीत मात्र पेठ चौदा वर्षे मागच्या पानावर निजली आणि साडेतीन फुटांनी तिला जागे केले. २०१९ ची रेघ आता भिंतीवर आहे. तीही नोंद आहे, हमी नव्हे.

वाईच्या मंदिराची ती मत्स्याकार भिंत आजही उभी आहे. तिच्यावर कोणत्याही पुराची खूण रंगविलेली नाही. तिच्या बांधणीतच पुढच्या पुराचा विचार आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेने आणि या पेठेने तेवढा एक विचार आपल्या बांधणीत घेतला, तर शताब्दीच्या स्मरणिकेत महापुराचा उल्लेख नुकसानीच्या बाजूला न येता अनुभवाच्या जमेला मांडला जाईल.